यंत्र वाजलं म्हणजे बॉम्ब सापडला का?

बंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलाजवळून पश्चिमेला आउटर रिंग रोड धरला की थोड्याच वेळात बीईएल सर्कल लागतं. त्यापलीकडे जालहळ्ळीत 1954 साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा कारखाना आहे. उत्तरेला येलहंकाचा हवाई दलाचा तळ आहे आणि 1996 पासून ‘एअरो इंडिया’ हे हवाई प्रदर्शन तिथेच भरतं. हेब्बाळमधल्याच किर्लोस्कर बिझनेस पार्कमध्ये अॅक्सिसकेड्सचं कार्यालय आहे. ही कंपनी ड्रोनविरोधी यंत्रणांवरही काम करते. अशा परिसरात राहणाऱ्याला वाटतं, की धोका ओळखणारी यंत्रं बनवणं हे सरकारी प्रयोगशाळांचं आणि बड्या कंपन्यांचं काम, छोट्या उद्योगानं त्यात हात घालू नये. हा पहिला गैरसमज आणि तो खोडून काढायला मुंबई-पुण्याची दोनच उदाहरणं पुरेशी आहेत.

पवईच्या आयआयटीत सूक्ष्म संवेदकांवर वर्षानुवर्षं संशोधन झालं आणि त्यातून नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज ही छोटी कंपनी उभी राहिली. तिचा ‘नॅनोस्निफर’ हा स्फोटकशोधक एप्रिल 2021 मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री रमेश पोखरियाल यांच्या हस्ते बाजारात आला. विक्रीची बाजू वेहंट टेक्नॉलॉजीजनं सांभाळली. ती कंपनीही आयआयटी दिल्लीतून निघालेली. बॅगेच्या मुठीवरून, चेनवरून एक पट्टी फिरवायची आणि यंत्रात घालायची. स्फोटकाचे नॅनोग्रॅमभर कण असले तरी दहा सेकंदांच्या आत ते ओळखू येतात, असा या यंत्राचा दावा आहे. सगळी करामत आत बसवलेल्या सिलिकॉनच्या इवल्याशा संवेदकाची आहे.

दुसरं उदाहरण पुण्याच्या सुतारवाडीतलं. तिथल्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं स्फोटक ओळखण्याची एक पेटी तयार केली. संशयित पदार्थाचे 3 ते 5 मिलिग्रॅम घ्यायचे, त्यावर रसायनाचे तीन-चार थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. वीज लागत नाही, मोठं यंत्र लागत नाही. ऑगस्ट 2013 मध्ये ही पेटी अमेरिकेच्या बाजारात उतरली. तिथला परवाना घेतला तो साउथ कॅरोलिनातल्या क्रो अँड कंपनी या छोट्या कंपनीनं. शोध सरकारी प्रयोगशाळेचा असला, तरी तो बाजारापर्यंत पोहोचवणारे हात छोटे होते.

‘पण पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न खराच आहे, मात्र त्याचं उत्तर आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना एप्रिल 2018 मध्ये चेन्नईच्या डिफेन्स एक्स्पोत सुरू झाली. तिच्यातली स्टार्टअपसाठीची पहिली स्पर्धा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंगळुरूत जाहीर झाली. सेनादलं आपली अडचण मांडतात, कंपन्या उपाय सुचवतात आणि निवड झाली की दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं. हे पैसे टप्प्याटप्प्यानं येतात आणि तितकाच वाटा कंपनीलाही उचलावा लागतो. पुढे आयडेक्स प्राइममध्ये ही मर्यादा दहा कोटींपर्यंत, तर अदिती योजनेत पंचवीस कोटींपर्यंत गेली.

इथेच दुसरा गैरसमज होतो. अनुदान मंजूर झाल्याची बातमी आली की गावाकडून ‘लष्करानं तुमचा माल घेतला’ म्हणून अभिनंदनाचे फोन येतात. अनुदान प्रोटोटाइपसाठी असतं. त्यानंतर थंडीत, धुळीत, पावसात चाचण्या होतात, मग खरेदीची प्रक्रिया सुरू होते आणि तोवर पगार, भाडं, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. अमेरिकेनं छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठी 1982 सालीच कायदा केला. त्या योजनेतही पहिल्या दोन टप्प्यांना निधी मिळतो, पण तिसऱ्या, म्हणजे प्रत्यक्ष बाजारात उतरण्याच्या टप्प्याला त्या योजनेचा पैसा नसतो. माझ्या मते छोटी कंपनी बुडते ती याच दरीत. तिला वाचवायचं तर अनुदान वाढवण्यापेक्षा चाचणीची तारीख आणि पहिली ऑर्डर वेळेवर देणं जास्त गरजेचं आहे.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र तिसरा आहे : ‘आम्ही डेमो पाहिला, यंत्र चालतं.’

जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसानं एडीई 651 नावाचं ‘बॉम्बशोधक’ यंत्र इराकला विकलं. मूठ आणि तिच्यावर फिरणारा अँटेना, एवढंच त्याचं रूप. गोल्फचे चेंडू शोधायचं म्हणून विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त खेळण्यावरून ते बनवलं होतं. आत बॅटरी नव्हती, स्फोटक ओळखू शकेल असं काहीच नव्हतं. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ते हातात धरून गाड्या तपासत राहिले, स्फोटकांनी भरलेल्या गाड्या पुढे गेल्या आणि माणसं मेली. मॅककॉर्मिकला 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

एवढे लोक फसले कसे? डेमो देणाऱ्याला स्फोटक कुठे ठेवलंय हे ठाऊक असतं. त्याचं मनगट नकळत किंचित कलतं आणि अँटेना तिकडे वळतो. थायलंडमध्ये जीटी 200 या तशाच यंत्राची 2010 मध्ये नीट चाचणी झाली. डबे बंद होते आणि स्फोटक कोणत्या डब्यात आहे हे चाचणी देणाऱ्याला माहीत नव्हतं. वीसपैकी चार वेळा उत्तर बरोबर आलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी साधारण तेवढंच जमलं असतं. म्हणून आंधळी चाचणी ही या क्षेत्रातल्या संशोधनाची खरी कसोटी आहे. प्रामाणिक छोट्या कंपनीनं ती स्वतःहून मागावी, कारण ठकापासून तिला वेगळं दाखवणारी दुसरी खूण नाही.

आता खऱ्या यंत्राचं पाहू. समजा, एका विमानतळावर दिवसाला एक लाख बॅगा तपासल्या जातात आणि शंभरातल्या एका निर्दोष बॅगेवर यंत्र उगाच वाजतं. नव्याण्णव टक्के अचूकता ऐकायला उत्तम वाटते. पण म्हणजे रोज हजार बॅगा उघडाव्या लागणार. प्रत्येकीला तीन मिनिटं धरली तर पन्नास तासांचं काम झालं. त्या हजारांत एखाद्या दिवशी एक खरी धोक्याची बॅग असेल आणि ती उघडणारा माणूस तोवर थकलेला असेल. म्हणून ‘किती सापडतं’ याच्या जोडीला ‘किती वेळा उगाच वाजतं’ हेही विचारावंच लागतं. माहितीपत्रकात पहिला आकडा ठळक छापतात, दुसरा शोधावा लागतो.

एकच यंत्र सगळं पकडतं, हाही समज सोडून द्यायला हवा. मेटल डिटेक्टरला फक्त धातू कळतो. विमानतळावरच्या क्ष-किरण स्कॅनरवर सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. आईनं दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा नारिंगी, साबण नारिंगी आणि प्लास्टिक स्फोटकही नारिंगी. तिथे आकार पाहून निर्णय घेणारा माणूस लागतो आणि शंका आली की कण तपासणारं यंत्र. थर्मल कॅमेरा सिनेमात भिंतीपलीकडचा माणूस दाखवतो. प्रत्यक्षात साध्या खिडकीच्या काचेपलीकडचंही त्याला दिसत नाही.

जून 2021 मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली आणि ड्रोनविरोधी यंत्रणांची मागणी एकदम वाढली. तेव्हापासून काही कारखानदार ड्रोनच्या रेडिओ लहरी रोखणारे जॅमर विकत घेण्याची चौकशी करतात. आपल्याकडे खास सरकारी परवानगीशिवाय जॅमर वापरणं बेकायदा आहे. शिवाय ऑप्टिकल फायबरच्या दोऱ्यावर चालणारा ड्रोन रेडिओ लहरी रोखून अडत नाही. युक्रेनच्या युद्धात हे दिसलं आहे.

प्रमाणपत्रावरही सरसकट विसंबता येत नाही. 9 एप्रिल 2025 पासून आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक नव्या निकषांची चाचणी सक्तीची झाली. हे चांगलंच झालं. पण ते प्रमाणपत्र कॅमेऱ्यात बाहेरचा कुणी घुसू शकतो का, याविषयी आहे. अंधारात चोराचा चेहरा ओळखू येईल का, ते त्यावरून कळत नाही.

तुमच्या सोसायटीसाठी, कारखान्यासाठी किंवा देवस्थानासाठी असं एखादं यंत्र घ्यायची वेळ आली, तर विक्रेत्याच्या हॉलमधला डेमो पाहून सही करू नका. यंत्र तुमच्या दारात आणायला सांगा, तुमच्याच रखवालदाराच्या हाती द्या, काय कुठे लपवलंय ते विक्रेत्याला आणि रखवालदाराला, दोघांनाही सांगू नका आणि किती वेळा सापडलं, किती वेळा उगाच वाजलं, ते दोन्ही आकडे स्वतः लिहून घ्या. या चाचणीत छोटी कंपनी खरी उतरली, तर पहिली ऑर्डर तिला द्या.