पहिला वर्कबेंच: लाकूड कुठलं घ्यायचं आणि कसं वाळवायचं

फर्निचरचा छोटा धंदा सुरू करायचा म्हटलं की आपण आधी मशिनची यादी करतो. पण ज्या वर्कबेंचवर सगळं काम होणार, तोच ओल्या लाकडाचा असेल तर काही महिन्यांत त्याला बाक येतो आणि त्यावर जोडलेली प्रत्येक चौकट थोडी तिरकी होते. ग्राहक कारण विचारत बसत नाही, पुढची ऑर्डर दुसऱ्याला देतो.

पहिल्या बेंचला सागवान नको. उत्तम लाकूड आहे, पण तो पैसा ऑर्डरच्या मालात घाला. बेंचला हवं वजन आणि दणकटपणा. बैलगाडीला, नांगराला बाभूळ वापरायचे ते उगाच नाही! फक्त ती ओली असतानाच चिरून घ्या. वाळली की करवतीचा घाम काढते. मला स्वतःला जास्त आवडतात ते पाडलेल्या जुन्या घरांचे वासे आणि तुळया. वर्षानुवर्षं छपराखाली वाळलेला माल असतो. चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे काढा, नाहीतर पातं गेलंच.

किती घ्यायचं? 5 फूट लांब, 2 फूट रुंद, 3 इंच जाड माथा म्हणजे अडीच घनफूट. 4 इंची चौकोनी, 33 इंच उंचीचे चार पाय म्हणजे साधारण सव्वा. आडवे दांडे आणि घट धरून 5 घनफूट सांगा. पक्कं बिल घ्या.

वखारीत फळीचं टोक बघा. वर्तुळांचा मध्यबिंदू फळीत आला असेल तर ती तडकणार, बाजूला ठेवा. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर कीड आहे.

आता वाळवणं. ढोबळ हिशोब असा की इंचभर जाडीला एक वर्ष. लाकडाची जात आणि हवा यांवर तो पुढेमागे होतो. म्हणून 3 इंची अखंड फळीच्या नादी लागू नका. दीड इंची फळ्या वाळवा, मग दोन थर चिकटवा. पाण्याचा निचरा टोकांतून सगळ्यात लवकर होतो आणि तडे तिथूनच जातात, त्यामुळे आणल्या दिवशीच टोकांना ऑइल पेंट मारा. थप्पी सावलीत, वाऱ्यावर, जमिनीपासून फूटभर उंच. प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर. ती सरकली की फळी तिथे वाकते. वर दगड ठेवा. दिवाळीनंतर थप्पी लावली तर पावसाळ्याआधी सहा-सात कोरडे महिने मिळतात. कोकणात असाल तर पावसात वाळलेलं लाकूडही पुन्हा ओल धरतं, हे लक्षात ठेवा.

घाई असेल तर सीझन केलेलं लाकूड मिळतं. पण दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. फळीच्या टोकापासून फूटभर आतला इंचभर तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. मग ओव्हनमध्ये 100 ते 105 अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. समजा 560 ग्रॅमचे 500 झाले: 60 भागिले 500, म्हणजे 12 टक्के ओल. बेंचला एवढी चालते. 18-20 आली तर फळ्या परत थप्पीत.