कागदांत अडकलेला सिनेमा

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली आणि १९७६ साली विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकावर चित्रपट केला. दिग्दर्शनात मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप ही नावे होती. नट बहुतेक थिएटर अॅकॅडमी या नाट्यसंस्थेचे, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि घाशीराम झालेले ओम पुरी, ज्यांचा हा पहिलाच चित्रपट. पुण्यातच जन्मलेला आणि पुण्याच्याच इतिहासाबद्दल बोलणारा हा मराठी चित्रपट पुढची जवळपास चार दशके सामान्य प्रेक्षकाला घरी बसून पाहता येत नव्हता. तो पुन्हा हाती लागला तो बर्लिनमुळे. तिथल्या 'आर्सेनल' या चित्रपटसंस्थेच्या संग्रहात त्याची एक प्रत होती. 'लिव्हिंग आर्काइव्ह' नावाच्या प्रकल्पात ती डिजिटल रूपात आणली गेली आणि तिची डीव्हीडीही निघाली. जर्मन संस्थेचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत. पण आपल्या भाषेतली एवढी महत्त्वाची कलाकृती आपल्यापर्यंत यायला परदेशातल्या एका कपाटावर अवलंबून राहावे लागावे, ही गोष्ट आभार मानून संपत नाही.

जुने चित्रपट दिसत नाहीत म्हटले की आपण लगेच हळहळतो: जळले असतील, सडले असतील, गेले ते गेले. ही हळहळ खोटी नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चीही काही रिळेच उरली आहेत. नायट्रेट फिल्म पटकन पेट घेते, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठवणखोलीला लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा मोठा ठेवा, त्यात 'प्रभात'च्या चित्रपटांची रिळेही, जळून गेला. ते नुकसान कशानेही भरून येणारे नाही. मात्र हा लेख वेगळ्या चित्रपटांबद्दल आहे. त्यांची निगेटिव्ह किंवा निदान एखादी बरी प्रत कुठल्या तरी डब्यात शाबूत आहे, तरीही कॅसेटच्या काळात, व्हीसीडी-डीव्हीडीच्या काळात आणि आता ओटीटीच्या काळातही ते घरात पोचले नाहीत. त्यांना आग किंवा बुरशी आडवी आलेली नाही. आडवे आले आहेत ते करार, हक्क, वारसा आणि परवाने. आणि कागदाने जे अडवले आहे ते कागदानेच सोडवता येते, हे माझे म्हणणे आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. चार्ल्स बर्नेट या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत, कत्तलखान्यात काम करणाऱ्या एका माणसाच्या घरातले दिवस टिपणारा 'किलर ऑफ शीप' केला. विद्यापीठाच्या पदवीसाठी, १६ मिलिमीटरवर, दहा हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात. चित्रपट १९७७ मध्ये पुरा झाला. त्यात त्याने पॉल रोबसन, दिना वॉशिंग्टन, लुई आर्मस्ट्राँग यांची गाणी वापरली. विद्यार्थ्याच्या चित्रपटाला कोण विचारतो, म्हणून गाण्यांचे हक्क घेतलेच नव्हते. पुढे चित्रपटाची कीर्ती वाढत गेली, १९९० साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत दाखल झाला, समीक्षक त्याला देशातल्या श्रेष्ठ चित्रपटांत गणू लागले. आणि तरी तो रीतसर प्रदर्शित करता येत नव्हता, कारण गाण्यांच्या हक्कांपोटी सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागणार होते. चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरापट! शेवटी विद्यापीठाच्या संग्रहालयाने प्रत दुरुस्त केली, एका छोट्या वितरण संस्थेने पैसे जमवले, दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांनी हातभार लावला आणि २००७ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी, तो लोकांसमोर आला. तोही पूर्ण नाही. शेवटच्या प्रसंगात दिना वॉशिंग्टनचे 'अनफर्गेटेबल' होते. त्याची परवानगी मिळाली नाही म्हणून तिथे तिचेच दुसरे गाणे बसवावे लागले. मूळ गाणे परत आले ते २०२५ च्या नव्या आवृत्तीत. म्हणजे मधली अठरा वर्षे जगाने या चित्रपटाचा जो शेवट पाहिला, तो दिग्दर्शकाने ठरवला नव्हता, परवान्याने ठरवला होता.

'आइज ऑन द प्राइझ' या माहितीपट मालिकेची गत याहून गंभीर आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा १४ भागांचा हा इतिहास १९८७ आणि १९९० मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. निर्माते हेन्री हॅम्प्टन यांनी बातम्यांची चित्रफीत, छायाचित्रे, गाणी यांचे परवाने परवडतील तेवढ्याच वर्षांसाठी घेतले होते. नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांची मुदत संपत गेली आणि मालिका प्रसारणातून आणि विक्रीतून बाहेर पडली. शाळांतल्या जुन्या झिजलेल्या कॅसेटी तेवढ्या उरल्या. देणग्यांतून हक्क पुन्हा विकत घेतल्यावर २००६ मध्ये ती परत दिसू लागली. इलेन मे यांचा 'द हार्टब्रेक किड' हा १९७२ चा गाजलेला चित्रपट तर निर्मितीसंस्थेच्या खरेदी-विक्रीत एका औषध कंपनीकडे गेला. औषधे विकणाऱ्यांना चित्रपट विकण्याची निकड कशाला वाटेल? एक डीव्हीडी येऊन संपली आणि मग वर्षानुवर्षे काहीच नाही.

आपल्याकडे हा गुंता अधिक दाट आहे, कारण मराठी निर्माता क्वचितच मोठी कंपनी असे. एखादा हौशी, एखादा व्यापारी, एखादा नट स्वतःच्या नावावर चित्रपट काढी. वितरकाकडून आगाऊ रक्कम उचलली जाई, कधी निगेटिव्हच सावकाराकडे तारण पडे. निगेटिव्ह राही मुंबईच्या लॅबमध्ये, आणि लॅबचे बिल थकले की तिथून हलत नसे. २०१० नंतरच्या काही वर्षांत सारा व्यवसाय डिजिटलवर गेला, लॅब एकामागून एक बंद झाल्या आणि डब्यांना धनी उरला नाही. त्यात जुन्या करारांत 'व्हिडिओ' हा शब्दच नाही. असणार तरी कसा? व्हिडिओ फिल्मचा उल्लेख आपल्या कॉपीराइट कायद्यात आला तो १९८४ च्या दुरुस्तीने. त्याआधी एखाद्या वितरकाला 'सर्व हक्क' दिले असतील, तर त्यात कॅसेटचे हक्क गेले की नाही, यावर दोन वकिलांचे एकमत होत नाही. निर्माता जाऊन तीस-चाळीस वर्षे झाली की चित्रपटाची मालकी पाच पिढ्यांची नावे लागलेल्या सातबाऱ्यासारखी होते. एका वारसाची सही मिळते, दुसरा परदेशात असतो, तिसऱ्याला आपल्या आजोबांनी चित्रपट काढला होता हेच माहीत नसते. उलट बाजूने पाहिले तर 'प्रभात'चे उदाहरण आहे. दामले कुटुंबाने ते चित्रपट जपले, काळानुसार आधी कॅसेटवर आणि मग डीव्हीडीवर आणले, म्हणून 'संत तुकाराम' आज मराठी घरांत आहे. स्पष्ट धनी होता आणि त्याला आस्था होती, हा सगळा फरक आहे.

यावर पहिले उत्तर असे येते की हल्ली सगळे यूट्यूबवर सापडते, मग रडायचे कशाला. सापडते ते काय, हे एकदा नीट पाहावे. दूरदर्शनवरून कॅसेटवर उतरवलेली आणि तिथून पुन्हा उतरवलेली प्रत. कडा कापलेल्या, चेहरे पांढरेफटक, मध्ये एखादे रीळच गायब, आणि कोपऱ्यात तीन वाहिन्यांची बोधचिन्हे. अशा प्रतीवरून छायाचित्रणाबद्दल एक वाक्य लिहिता येत नाही. शिवाय ती कुणी तक्रार केली की एका रात्रीत नाहीशी होते. ज्यांनी अशा प्रती चढवल्या त्यांच्यामुळे अनेक चित्रपट निदान नावाने तरी जिवंत राहिले, हे मी मान्य करतो. पण चोरून टिकलेली गोष्ट म्हणजे उपलब्ध गोष्ट नव्हे. तिच्यावर विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम बेतता येत नाही आणि तिच्यातून निगेटिव्ह दुरुस्त करायला एक रुपयाही उभा राहत नाही. डिस्कचा जमाना संपला, आता ओटीटी आहे, हे दुसरे उत्तरही अर्धेच आहे. ओटीटीलाही तेच हक्काचे कागद लागतात, आणि तिथला करार मुदतीचा असतो. मुदत संपली की चित्रपट जातो. विकत घेतलेली डीव्हीडी निदान कपाटात राहते.

अधिक वजनदार आक्षेप कलावंताच्या इच्छेचा आहे. स्टॅन्ली क्युब्रिकला आपला पहिला चित्रपट 'फिअर अँड डिझायर' कुणी पाहू नये असे वाटे. 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' त्याने ब्रिटनमध्ये मागे घेतला आणि तो १९९९ मध्ये वारल्यावरच तिथे पुन्हा लागला. जिवंत कलावंताने स्वतःच्या कामाविषयी असा निर्णय घेतला तर त्याचा मान राखावा, हे मला पटते. फक्त असे चित्रपट फार थोडे असतात. बाकीच्यांबाबत बंदी कलावंताची नसतेच. बर्नेटला आपला चित्रपट लोकांनी पाहावा असेच वाटत होते. आणखी एक आक्षेप आशयाचा. डिस्नेचा १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ' अमेरिकेत कधीच होम व्हिडिओवर आला नाही, कारण गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेचे त्यातले गोडगुलाबी चित्र कंपनीलाच आता लाजिरवाणे वाटते. पण त्यात काम करणाऱ्या जेम्स बास्केट या कृष्णवर्णीय नटाला ऑस्करने विशेष सन्मान दिला होता, आणि त्याचे कामही त्या लाजेबरोबर कुलपात गेले. २०२० मध्ये 'गॉन विथ द विंड' ओटीटीवरून काढला गेला आणि थोड्याच दिवसांत एका अभ्यासक स्त्रीची प्रस्तावना जोडून परत ठेवला गेला. हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. चुकीचा इतिहास लपवून ठेवला तर तो चुकीचा होता हे पुढच्यांना दाखवायचे कशाने?

पैशाचा प्रश्न उरतोच. जुना मराठी चित्रपट दुरुस्त करून विकणे हा फायद्याचा धंदा नाही, हे खरे. पण सार्वजनिक पैसा या क्षेत्रात आलेला आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली २,२०० चित्रपटांच्या जतनासाठी ३६३ कोटी रुपये दिले जातील असे केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये जाहीर केले. ही रक्कम लहान नाही. अडचण पुढची आहे. पुण्याचे संग्रहालय १९६४ पासून, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाच्या जिद्दीने, हजारो चित्रपट गोळा करत आले, पण त्यातल्या बहुतेकांचे ते राखणदार आहे, मालक नव्हे. प्रत उत्तम झाली तरी महोत्सवात एखादा खेळ होतो आणि डबा पुन्हा फळीवर जातो. जनतेच्या पैशाने दुरुस्त झालेला चित्रपट जनतेला पाहता येईल, अशी अट त्या पैशाबरोबरच घातली गेली पाहिजे. मालकाचा मोबदला त्याला मिळावा, त्याला कुणाची ना नाही.

यासाठी नवा कायदा मागण्याआधी आहे तो वापरून पाहावा. आपल्या कॉपीराइट कायद्याचे ३१ वे कलम सांगते की प्रकाशित कृती मालकाच्या नकारामुळे लोकांपासून दूर राहत असेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. त्याचा गाजलेला वापर झाला तो रेडिओवरच्या गाण्यांसाठी, चित्रपटांसाठी कुणी फारसे वळून पाहिले नाही. ३१-अ कलम तर आपल्या प्रश्नासाठीच लिहिल्यासारखे आहे: लेखक हयात नाही, किंवा मालक सापडतच नाही, अशा कृतीसाठी आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, मग परवान्यासाठी अर्ज करायचा, ठरलेले स्वामित्वधन मालकाच्या नावे बाजूला जमा राहते. २०१२ च्या दुरुस्तीने हे कलम प्रकाशित कृतींनाही लागू झाले. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात एक पाऊल पुढे टाकले: बाजारातून नाहीशी झालेली कृती संग्रहालयाने लोकांसमोर आणावी, मालकाने हरकत घेतली तर थांबवावी. आपल्याकडे ओझे शोधणाऱ्यावर आहे. तिथे ते अडवणाऱ्यावर आहे.

मुदतीचाही मोठा आधार आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९६४ अखेरपर्यंतचे सारे चित्रपट आता मुक्त आहेत. मात्र गाठ सगळी सुटत नाही, कारण गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा आणि तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. 'जगाच्या पाठीवर' हा १९६० चा चित्रपट म्हणून २०२० अखेर मुक्त झाला, पण गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये, तेव्हा गाण्यांवरून कज्जा उभा राहण्याची शक्यता २०६२ पर्यंत उरते. चित्रपट मुक्त झाला की त्यातली गाणी त्या चित्रपटापुरती मुक्त मानावीत, एवढी एक दुरुस्ती संसदेने केली तरी मोठे काम होईल. आणि पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात देण्याचे बंधन १९५४ पासून प्रकाशकावर आहे, तसे चांगल्या प्रतीचे बंधन निर्मात्यावर घालायला आणखी किती वाट पाहायची?

तोवर एक काम घराघरांत होण्यासारखे आहे. ज्यांच्या आजोबांनी, पणजोबांनी कधी चित्रपट काढला होता, त्यांनी जुन्या पेट्या उघडाव्यात. करारपत्र, लॅबची पावती, सेन्सॉर प्रमाणपत्र, वितरकाची पत्रे, जे सापडेल ते रद्दीत घालू नये. वारसांनी एकत्र बसून एकाच्या नावे मुखत्यारपत्र करावे आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे. मालक कोण हे एका कागदावर स्पष्ट झाले, तर अर्धी लढाई तिथेच संपते.