धाकट्याच्या हातीं थोरल्याची वीज

आमच्या इमारतीच्या गच्चीवरील टाकींत पाणी किती उरलें आहे हें घरबसल्या कळावें, म्हणून मीं एक लहानसें उपकरण तेथें बसविलें. त्यांत ईएसपी३२ जातीचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढ्या चिपेंत मावणारा संगणक, आहे. वायफायवरून निरोप धाडतांना तो २४० मिलिअँपिअरच्या घरांत वीज ओढतो; पण तें क्षणभरच. खरा उधळेपणा पुढचा. तो निजला तरी त्याच्या पट्टीवरील दिवा व इतर सरंजाम मिळून १० मिलिअँपिअर वीज खात राही. १५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत रिकामी, आणि सातव्या दिवशीं मी शिडीवर!

तेव्हां या थोरल्याची वीजच तोडावी, आणि ती जोडण्यातोडण्याचें काम एखाद्या अल्पाहारी धाकट्याकडे सोंपवावें, असें ठरविलें. एटीटायनी८५ हा तसा आहे. निद्रेंत राहून ठराविक वेळानें जागें होण्यास त्याला अवघे कांहीं मायक्रोअँपिअर पुरतात.

मग धाकट्याच्या पिनेवरूनच थोरल्यास वीज कां देऊं नये? कारण त्या पिनेची परमावधि ४० मिलिअँपिअर. म्हणून मध्यें मॉस्फेट हा विजेचा दरवाजा ठेवितात. तो पी-चॅनेल जातीचा घ्यावा. सोर्स बॅटरीच्या धन टोंकास, ड्रेन थोरल्याकडे, गेट धाकट्याच्या पिनेस. गेट व सोर्स यांमध्यें एक लाख ओहमचा रोधक जोडला, म्हणजे धाकटा भानावर येईपर्यंत दार बंद राहतें. पिनेनें गेटचा दाब शून्यावर आणला कीं तें उघडतें. माझी बॅटरी ३.२ व्होल्टांची, एवढ्या अल्प दाबावर पुरता उघडणारा मॉस्फेट पाहून घ्यावा लागतो. एओ३४०१ तसा आहे.

हें सारें यथासांग करूनही थोरला पुरता विझेना. वीज तोडलेली, आणि पट्टीवरचा दिवा मंद तेवतो आहे! दोघांमध्यें संदेशाची एक तार होती. सिरियल संदेशाची तार स्वस्थ असतांना उंच दाबावर असते, आणि चिपेच्या पिनेशीं संरक्षणार्थ बसविलेला डायोड ती वीज आंत पुरवठ्याच्या वाटेवर जाऊं देतो. म्हणजे पुढचें दार लावलें होतें खरें, पण धाकटाच मागल्या खिडकींतून घास भरवीत होता. अशा अर्धजीवित चिपेचें पुढें नीट सुरू होणें बेभरंवशाचें. शिवाय पिनेस इजा होण्याचा संभव. धन बाजूऐवजीं ऋण बाजूची तार तोडणाऱ्यांस तर ही पीडा अधिकच, कारण तेथें प्रवाह संदेशाच्या तारेंतूनच परतीचा रस्ता शोधतो.

उपाय साधा आहे. वीज तोडण्यापूर्वीं संदेशाची तार शून्यावर आणावी. जोडतांना आधीं वीज, मग तार. तारेंत हजार ओहमचा रोधकही असावा.

आणि तोडावें केव्हां? थोरल्यानें काम झाल्याची खूण केल्यावर. तो स्मृतींत कांहीं लिहीत असतां वीज गेली, तर लेखन बिघडतें. मात्र वायफाय बंद असलें तर ती खूण कधींच यावयाची नाहीं. म्हणून ३० सेकंद वाट पाहून दार लावावें, असें मीं धाकट्यास बजावून ठेविलें आहे.