पदवीचे पहिले वर्ष

अकराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने देशातील ३७४ जिल्ह्यांची एक यादी केली. उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण देशाच्या तेव्हाच्या सरासरीपेक्षा, म्हणजे १२.४ टक्क्यांपेक्षा कमी असलेले हे जिल्हे. महाराष्ट्रातील जे सात जिल्हे त्यात होते, त्यांत बुलढाणा, जालना, गडचिरोलीच्या पंक्तीला हिंगोली होता. अशा प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श पदवी महाविद्यालय काढायचे, हा त्यावरचा उपाय ठरला. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे न्यू मॉडेल डिग्री कॉलेज हिंगोलीत आले ते या धोरणातून. तसे पाहिले तर महाविद्यालये इथे आधीही होती. हिंगोलीत आदर्श महाविद्यालय आणि शिवाजी महाविद्यालय, वसमतला हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्म्याच्या नावाचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय, औंढ्याला नागनाथ, सेनगावला तोष्णीवाल, कळमनुरीला शंकरराव सातव. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. त्याच्या पाचही तालुक्यांत आज पदवीचे शिक्षण मिळते आणि २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ‘महाविद्यालय द्या’ ही मागणी बऱ्याच अंशी पुरी झाली आहे. पुरा न झालेला प्रश्न वर्गाच्या आतला आहे, आणि माझ्या मते त्याची सगळी गाठ पदवीच्या पहिल्या वर्षात आहे. मुलगा किंवा मुलगी शिकणार की नुसती परीक्षेचा अर्ज भरणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरून जाते. आपण मात्र पैसा, अनुभवी शिक्षक आणि लक्ष हे तिन्ही त्या वर्षानंतरसाठी राखून ठेवतो.

आकडे या बाबतीत फार मदत करत नाहीत, उलट थोडे झाकूनच ठेवतात. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचे नोंदणी प्रमाण २८.४ आहे, महाराष्ट्राचे ३५.३. यात मोजली जाते ती नोंदणी. नाव पटावर आले की विद्यार्थी मोजला गेला. तो सप्टेंबरात वर्गात बसला होता का, हे त्या रकान्यात येत नाही. आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलामुलींची चाचणी घेतली. देशभरातील २८ जिल्हे निवडले होते आणि महाराष्ट्रातून निवडला होता तो हिंगोलीचा शेजारी नांदेड. देशाचे चित्र असे निघाले की साधारण चौथा हिस्सा मुलांना मातृभाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून अधिक मुलांना जमत नव्हते. याच पाहणीत ८६ टक्क्यांहून अधिक मुले कुठल्या ना कुठल्या शाळा-महाविद्यालयात दाखल होती. म्हणजे दाखला आहे आणि भागाकार नाही, अशी मुले बारावी ओलांडून पदवीच्या दारात येतात. त्यांना दार उघडून दिल्याबद्दल महाविद्यालयांचे कौतुक करावे. आत आल्यावर त्यांच्याशी आपण काय करतो, हा खरा कसोटीचा भाग.

करतो ते असे. अभ्यासक्रम विष्णुपुरीत, विद्यापीठाच्या मुख्यालयात ठरतो, प्रश्नपत्रिका तिथूनच निघतात, आणि अभ्यासक्रमाचे पहिले गृहीत असे की बारावीचे सगळे येते. विज्ञानाच्या मुलाची आणखी एक अडचण आहे. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा खेड्यातल्या संस्थेच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाच्या हाती बी.एस्सी.ला इंग्रजी पुस्तक पडते. फळ्यावर इंग्रजी, बोलणे अर्धे मराठी आणि उत्तर पाठ केलेले. समोर ७०-८० जणांचा वर्ग असेल, तर कोण कुठे अडले हे शिक्षकाला सहामाही परीक्षेनंतर कळते, तेही कळले तर. आणि अनेक महाविद्यालयांत हा सर्वांत अवघड वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे जातो. त्याला पगार तासाचा मिळतो, तास संपला की त्याने दुसऱ्या महाविद्यालयाची गाडी पकडायची, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नाही. विभागातले जुने, जाणते प्राध्यापक तिसऱ्या वर्षाला आणि एम.ए., एम.एस्सी.ला शिकवतात. त्यांच्यापर्यंत पोहोचतात ती मुले मुळात तगून राहिलेली असतात. पेरणीनंतर कोळपणीला कुणी फिरकायचे नाही आणि मळणीला सगळ्यांनी यायचे, तसा हा प्रकार आहे.

शिकवण्याच्या पद्धतीचा पुरावा आता पुष्कळ जमला आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ संशोधने एकत्र तपासली गेली. नुसते व्याख्यान देणाऱ्या वर्गांत सरासरी ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते. जिथे तासाभरात मुलांना मध्येच प्रश्न सोडवायला, शेजाऱ्याशी चर्चा करायला, उत्तर मांडायला लावले, तिथे हे प्रमाण २२ टक्के होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९१ पासून हेच करत आले. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपले उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचे. त्याला यंत्रसामग्री लागत नाही, बोटे वर केली तरी भागते. हे हार्वर्डचे झाले, आमच्याकडे कुठले जमायला, असे म्हणणाऱ्यांनी लातूरकडे पाहावे. ‘लातूर पॅटर्न’ची टिंगल सोपी आहे, घोकंपट्टीचा आरोपही बराचसा खरा आहे. पण त्यात एक गाभा होता: वारंवार छोट्या चाचण्या, लगेच तपासणी, चुकलेले पुन्हा शिकवणे, शंकेसाठी शिक्षक हजर. आठवून लिहिल्याने अभ्यास पक्का होतो, नुसत्या पुन्हा पुन्हा वाचण्याने तितका होत नाही, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांनीही दाखवले आहे. मराठवाड्यातल्या शिक्षकांना हे सारे येते. ते आपण बारावी आणि प्रवेश परीक्षांसाठी वापरतो, बी.ए., बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या वाट्याला त्यातले काही येत नाही, कारण तिथे गुणवत्ता यादी लागत नाही आणि चौकात फलकही लागत नाही.

वर्ग सुधारला तरी मुले वर्गापर्यंत यावी लागतात. न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत एक योजना सुरू केली. तिथली मुलेही बहुतेक गरीब घरची, अनेकांना पूर्वतयारीचे वर्ग लागणारी. अट अशी की पूर्णवेळ शिकायचे, ठरलेल्या समुपदेशकाला नियमित भेटायचे, अडेल तिथे शिकवणीला जायचे. त्या बदल्यात फीमधली तूट भरून मिळे, पुस्तकांचा खर्च मिळे आणि बस-रेल्वेचा पास मिळे. योजनेची पारख चिठ्ठ्या टाकून दोन गट करून झाली. तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण साध्या गटात सुमारे २२ टक्के होते, योजनेतल्या गटात ४०. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे तो कमी पडला, कारण अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांवर वाया जाणारा पैसा वाचला. पुढे ओहायोतही जवळपास तसाच फरक दिसला.

त्यातला बसचा पास हिंगोलीच्या संदर्भात फार मोलाचा आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातील मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, तो पाचवी ते बारावीपर्यंत. पदवीला प्रवेश घेतला की मोफत पास संपतो आणि एक तृतीयांश भाड्याचा विद्यार्थी पास काढावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले, पण रोज ये-जा करणाऱ्या मुलीला पासाशिवाय गत्यंतर नाही. सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, ते चांगलेच. मात्र सेनगाव किंवा औंढ्याच्या आसपासच्या खेड्यातून बी.ए.ला येणाऱ्या मुलीच्या घरचा हिशेब फीचा कमी आणि जाण्या-येण्याचा अधिक असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हिंगोली जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. बारावीनंतरच्या जूनमध्ये मुलगी घराबाहेर पडते की नाही, याला त्यामुळे वेगळेच वजन येते. नेमक्या त्याच महिन्यात सरकार तिचा पास काढून घेते. हेतू तसा नसेल, परिणाम तसाच होतो.

वेळापत्रकाचेही तसेच आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची सोंगणी, जानेवारीपासून हळदीची काढणी आणि शिजवणे. मजुरी परवडत नाही तेव्हा घरातला कॉलेजचा पोरगा शेतात जातो. पहिल्या सत्राचा शेवटचा, परीक्षेआधीचा महिना आणि सोयाबीन एकाच वेळी येतात. सगळ्या मराठवाड्याला हे ठाऊक आहे, वेळापत्रकाला तेवढे नाही.

यावरचा पहिला आक्षेप प्राध्यापकांच्या खोलीत हमखास ऐकू येतो: मुलेच येत नाहीत, आम्ही भिंतींना शिकवायचे का? तक्रार खोटी नाही. बी.ए.ला नाव घालून भरतीच्या तयारीला अभ्यासिकेत बसणारी मुले प्रत्येक तालुक्यात आहेत. पण ती आळशी नाहीत. पहाटे धावायला जाणारा आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणारा मुलगा वर्गात येत नसेल, तर वर्गात आपल्या पदरात काही पडत नाही असा हिशेब त्याने केलेला असतो. उपस्थितीची सक्ती करून तो हिशेब बदलणार नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाचन, लेखन आणि साधे गणित यांची चाचणी घेऊन, मागे असलेल्यांना तिथून पुढे नेले, तर बदलेल. त्या मुलांना भरतीच्या परीक्षेत लागते तेही हेच.

दुसरा आक्षेप दर्जाचा. पदवीच्या वर्गात भागाकार शिकवायचा म्हणजे महाविद्यालयाची शाळा करायची, असे म्हटले जाते. शेवटचा पेपर सोपा केला तर दर्जा खाली येईल. सुरुवात मूल असेल तिथून केल्याने येत नाही. आज जे चालते तेच दर्जाला अधिक घातक आहे: मुलाला येत नाही, हे सर्वांना माहीत आहे, आणि अपेक्षित प्रश्नसंचावर तो पास होतो. भाषेबाबतही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवले की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी उत्तरे स्थानिक भाषेत लिहू द्यावीत. पहिल्या वर्षी संकल्पना मराठीत समजावून संज्ञा दोन्ही भाषांत द्यायची आणि तिसऱ्या वर्षापर्यंत इंग्रजी पुस्तक वाचता येईल इथवर आणायचे, यात इंग्रजीला सोडचिठ्ठी नाही. उलट आजच्या अर्धवट इंग्रजीपेक्षा अधिक इंग्रजी यातून येईल.

ज्यांना खरेच शिकायचे ते नांदेड, लातूर, पुण्याला जातातच, असाही एक युक्तिवाद असतो. जातात ते घरी थोडी सोय असलेले, आणि त्यांत मुलगे जास्त. कळमनुरी, औंढा भागातील आंध आदिवासी कुटुंबातल्या मुलीसाठी तालुक्याचे महाविद्यालय हाच एकमेव पर्याय असतो. ‘स्वाधार’, ‘स्वयम्’सारख्या योजना आहेत, त्यांतून राहण्या-जेवणाला पैसे मिळतात, पण हप्ता खात्यावर येईपर्यंत खानावळवाला थांबत नाही. राहिली ऑनलाइन व्याख्याने. ती उत्तम आहेत, आणि ज्याला स्वतःहून शिकता येते त्यालाच उपयोगी पडतात. आपला प्रश्न ज्याला अजून तसे येत नाही त्याचा आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने, जे संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीला आले, एक चांगली फट ठेवली आहे. क्षेत्र प्रकल्प, प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण आणि समाजाशी जोडलेले काम यांना आता श्रेयांक आहेत. हिंगोलीत त्यासाठी विषय शोधत फिरावे लागत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. रसायनशास्त्राच्या मुलांना कुरकुमिनचे प्रमाण, वाणिज्यच्या मुलांना बाजार समितीतील लिलाव आणि दर, अर्थशास्त्राच्या मुलांना मजुरीचा खर्च, असे कितीतरी काम पडले आहे. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या वेधशाळेसाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जगातील भौतिकशास्त्रज्ञ औंढ्याला येतील आणि त्याच गावातला बी.एस्सी.चा विद्यार्थी प्रकल्पाची छापील फाइल विकत घेऊन सही घेईल, असेही होऊ शकते. वेधशाळा जवळ आल्याने भौतिकशास्त्र आपोआप येत नाही.

पैशाचा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करतो. राज्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या पदांना मान्यता दिली. त्यांतील उरलेली २,०८८ पदे भरायची परवानगी पुन्हा २०२१ मध्ये द्यावी लागली. इतक्या संथ भरतीवर कुठलीही पद्धत उभी राहणार नाही, आणि तासिकेच्या शिक्षकाकडून समुपदेशनाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. पण उरलेल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाही. विभागप्रमुखाने पहिल्या वर्षाचा किमान एक तास स्वतः घ्यायचा, हा कार्यालयीन आदेशाचा विषय आहे. मार्गदर्शक शिक्षक आणि त्याला नेमून दिलेले २० विद्यार्थी, ‘स्लो लर्नर’ची यादी, पूरक वर्ग, हे सगळे आजही महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या समितीसाठी फायलींत असते. कमिटी गेली की रजिस्टर कपाटात जाते. ते रजिस्टर खरे करायचे झाले तर सोयाबीनच्या हंगामात सलग आठवडाभर न दिसलेल्या मुलाच्या घरी एक फोन जायला हवा.

विधान परिषदेच्या मराठवाड्यातील पदवीधर मतदारसंघात हिंगोली जिल्हा येतो. तिथली मागची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली आणि सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पदवीधरांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, आणि मुलींचा एस.टी.चा मोफत पास पदवीपर्यंत कधी वाढणार.