उडण्याआधीच जुनं झालेलं विमान

दोस्तांनो, साताऱ्याहून सांगलीला एसटीनं जायला किती वेळ लागतो? अडीच-तीन तास कुठं गेले नाहीत. कराडच्या स्टँडवर चहा झाला, तर आणखी थोडा. आता कल्पना करा, अजिंक्यताऱ्यावरून एक विमान सरळ सांगलीकडे निघालंय. एक मिनिटही झालं नाही तोच कराड मागं पडलं, आणि दोन मिनिटं होतात न होतात तोवर खाली कृष्णाकाठची सांगली!

थाप नाही बरं का. असं विमान खरोखर बनलं होतं, अमेरिकेत. त्याचं नाव एक्सबी-७० व्हॅल्किरी. ते आपल्या आकाशात कधी आलं नाही. पण ज्या वर्षी ते पहिल्यांदा उडालं, त्याच वर्षी आपल्या सातारा-सांगलीकडचे एक गृहस्थ विमानं मागायला अमेरिकेत गेले होते. त्यांची भेट पुढं होईलच. आधी विमान बघू.

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्यात चढाओढ लागली. याच्याकडे अणुबाँब, तर त्याच्याकडेही अणुबाँब. मग प्रश्न आला, तो शत्रूच्या देशापर्यंत न्यायचा कसा? अमेरिकेच्या हवाई दलानं १९५० नंतरच्या दशकात ठरवलं, की इतकं उंच आणि इतकं वेगात जाणारं बाँबफेकी विमान बनवायचं, की कुणी पाठलागच करू शकणार नाही. वेग आवाजाच्या तिप्पट, म्हणजे ताशी ३,२०० किलोमीटरच्या आसपास. उंची २१ किलोमीटर, एव्हरेस्टच्या दुपटीहून जास्त!

व्हॅल्किरीची लांबी जवळजवळ तीन क्रिकेटच्या खेळपट्ट्यांएवढी. इंधन भरल्यावर वजन सुमारे २४५ टन. साखर कारखान्यातली क्विंटलची अडीच हजार पोती रचलीत, तर तेवढं वजन होईल! शेपटाकडे ओळीनं सहा जेट इंजिनं. या वेगात हवेच्या घर्षणानं नाकाजवळचा पत्रा ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापायचा. साधं ॲल्युमिनियम तिथं टिकत नाही. म्हणून स्टेनलेस स्टीलचे पातळ पत्रे घेऊन मधे मधाच्या पोळ्यासारखी जाळी भरली, काही ठिकाणी टायटॅनियम वापरलं. आणि गंमत म्हणजे, विमान थंड ठेवायला त्याचंच इंधन आत खेळवलं होतं!

सगळ्यात भारी युक्ती पुढंच आहे. कृष्णेत होडी जोरात निघाली, की तिच्या नाकापासून दोन्ही बाजूंना पाणी फाकत जातं, हे तुम्ही पाहिलं असेल. आवाजापेक्षा वेगानं जाणारं विमानही हवेत अशीच लाट उठवतं. इंजिनिअरांनी विमानाचा आकार असा केला, की ती दाबलेली हवा पंखांखाली अडकावी आणि विमानानं आपल्याच लाटेवर स्वार व्हावं. त्यासाठी पंखांची टोकं उडता उडता चक्क खाली दुमडता येत होती.

एवढं सगळं केलं, आणि तरी हे विमान उडण्याआधीच जुनं झालं. १ मे १९६० रोजी रशियानं अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान क्षेपणास्त्रानं पाडलं. तेही २० किलोमीटरच्या आसपास उंचीवरून उडत होतं. म्हणजे उंचावर गेलं की आपण सुरक्षित, हा हिशेबच चुकला. शिवाय अणुबाँब न्यायला आता लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं तयार होत होती. त्यांना ना वैमानिक लागतो, ना परतीचं इंधन. १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांनी बाँबफेकी विमान म्हणून व्हॅल्किरीची योजना रद्द केली. फक्त दोन विमानं बनवायची, तीही संशोधनासाठी. त्या दोन विमानांपायी गेले दीड अब्ज डॉलर!

आता आपले गृहस्थ. तुम्ही ओळखलं असेलच, यशवंतराव चव्हाण! जन्म १९१३ साली देवराष्ट्रे गावी. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगली जिल्ह्यात आहे. शाळा कराडची. चीनच्या युद्धानंतर १९६२ च्या नोव्हेंबरात ते देशाचे संरक्षणमंत्री झाले. हवाई दल बळकट करायचं होतं, म्हणून १९६४ च्या मे महिन्यात ते अमेरिकेत गेले. आपल्याला हवी होती एफ-१०४ स्टारफायटर ही आवाजाच्या दुप्पट वेगाची लढाऊ विमानं. पाकिस्तानला ती अमेरिकेनं केव्हाच दिली होती. बोलणी चालू असतानाच २७ मे रोजी पंडित नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि यशवंतरावांना तातडीनं परत फिरावं लागलं. स्टारफायटर काही मिळाली नाहीत.

मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते मॉस्कोला गेले. मिग-२१ विमानांचं बोलणं रशियाशी आधीपासून होतंच. ही विमानं भारतातच बनवायचा करार आता पक्का झाला, आणि आपल्या नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. त्याच सप्टेंबरच्या २१ तारखेला तिकडे कॅलिफोर्नियात व्हॅल्किरीनं पहिलं उड्डाण केलं. एकाकडे दोन विमानांवर उधळायला दीड अब्ज डॉलर, आणि दुसरा दारोदार फिरून साध्या लढाऊ विमानांची जुळवाजुळव करतोय! मला तर या दोघांत यशवंतरावांचं काम अवघड वाटतं.

व्हॅल्किरीनं तिप्पट वेग गाठला, तो १४ ऑक्टोबर १९६५ रोजी. त्या उड्डाणात डाव्या पंखाच्या कडेचा एक तुकडाच उडून गेला! दुसरं विमान जास्त चांगलं उतरलं होतं. मे १९६६ मध्ये ते तिप्पट वेगानं अर्धा तास उडालं. पण ८ जूनला घात झाला. इंजिनं बनवणाऱ्या कंपनीला जाहिरातीसाठी फोटो हवे होते, म्हणून पाच विमानं जवळजवळ उडत होती. त्यातलं एक व्हॅल्किरीच्या पंखाला चिकटलं आणि उलटून तिच्यावर आदळलं. व्हॅल्किरीची उभी शेपटं तुटली आणि ती गरगरत कोसळली. जो वॉकर आणि कार्ल क्रॉस हे दोन वैमानिक गेले. तिसरे, अल व्हाइट, जखमी होऊन कसेबसे वाचले. आदळलेलं विमान कुठलं होतं, माहीत आहे? एफ-१०४ स्टारफायटर!

रशिया तरी मागं कसा राहील? त्यांनी टायटॅनियमचं टी-४ बनवलं. जोरात उडताना त्याचं नाक वर व्हायचं आणि वैमानिकाला समोरचं दिसणंच बंद! पुढं बघायला पेरिस्कोप होता. १९७२ ते १९७४ मध्ये दहा उड्डाणं झाली, आणि तेही संग्रहालयात गेलं.

व्हॅल्किरीला तोंड द्यायचं, हे डोक्यात धरून रशियानं आणखी एक विमान बनवलं, असं मानलं जातं. ते म्हणजे मिग-२५. ज्याच्यासाठी ते बनलं ते विमान सैन्यात आलंच नाही, पण मिग-२५ मात्र आपल्याकडे आलं! १९८१ ते २००६ अशी पंचवीस वर्षं ही विमानं बरेलीहून उडत होती. काम टेहळणीचं, आणि नाव गरुड.

आणि ओझरची मिग-२१? १९७१ च्या युद्धात भारताच्या मिग-२१ विमानांनी पाकिस्तानची स्टारफायटर पाडली. आपल्या हवाई दलातली शेवटची मिग-२१ निवृत्त झाली २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंदीगडला. उरलेली एकुलती एक व्हॅल्किरी १९६९ पासून अमेरिकेत डेटनच्या संग्रहालयात उभी आहे. तिथं जाणं आपल्याला जमेल न जमेल. पण सागरेश्वरला सहल गेली, तर देवराष्ट्रे तिथून हाकेच्या अंतरावर आहे. यशवंतरावांचा जन्म झाला ते घर बघून या.