परवडणारं म्हणजे स्वस्त नव्हे

‘परवडणारं भाड्याचं घर’ म्हटलं की गरिबांसाठी बांधलेली कोंदट खोली डोळ्यांसमोर येते. खरं तर हा शब्द घराचा दर्जा सांगत नाही. भाडं आणि कमाई यांचा मेळ सांगतो. ढोबळमानाने, भाडं उत्पन्नाच्या 30 टक्क्यांत बसलं की घर परवडलं असं धरतात. चपलेसारखंच हे: किंमत कमी म्हणून ती पायात बसतेच असं नाही. कामापासून दोन तास लांबची स्वस्त खोली अशीच चावते.

हा मेळ कसा जमवता येतो, ते व्हिएन्नात दिसतं. तिथली आस्पर्न झेश्टाट ही वसाहत जुन्या विमानतळाच्या जागेवर उभी राहते आहे. तिथे मेट्रो 2013 मध्ये पोहोचली, पहिले रहिवासी 2014 मध्ये आले. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा! तिथली बरीच घरं मर्यादित नफ्याच्या गृहसंस्थांची (जादा नफा पुन्हा घरबांधणीतच घालणाऱ्या संस्था) आहेत. त्यांचं भाडं बाजारभावावर नव्हे, बांधकाम आणि देखभालीच्या खर्चावर ठरतं. उत्पन्नाची मर्यादाही इतकी सैल, की मध्यमवर्ग सहज पात्र ठरतो.

‘सुगम’ (अडथळाविरहित) घरं फक्त व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी, हाही तसाच समज. बिनउंबऱ्याचं रुंद दार आणि लिफ्ट बाबागाडी ढकलणाऱ्या आईला आणि गुडघे धरलेल्या आजोबांनाही हवीच असते.