शेवटचा आला, पण आला

इंग्लंडात हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही दोघे भाऊ आणि भाचा सायक्लो-क्रॉस खेळतो. चिखलातून सायकल हाकायची. 40 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या आल्या की बहुतेक जण उतरतात आणि ती उचलून पळतात. आमच्याकडच्या स्पर्धेत तिघांच्या क्रमांकांची बेरीज होते. एकाने जरी शर्यत सोडली तरी संघ बाद.

परवा भाच्याची चेन तुटली. मागून आम्ही पोहोचलो.

"मामू, सोडू का?"

"नको, बेटा. पिटपर्यंत पळ."

तिथे त्याचे अब्बा राखीव सायकल घेऊन उभे होते. अर्धी फेरी पोर सायकल खांद्यावर घेऊन धावले. शेवटचे आले. निकालात आमचा संघ तळाला होता, पण होता.

घरी आपाने चिखलाचे बूट दाराबाहेर ठेवायला लावले. निकालाचा कागद मात्र फ्रिजवर चिकटवला.